एक मार्चचे फोटो

पहाटे साडेचार

धर्माबादचा दिवस रेल्वे सुरू करते. मनमाडला जाणारी मराठवाडा एक्सप्रेस इथूनच निघते आणि भल्या पहाटे निघते. छत्रपती संभाजीनगरला खंडपीठात तारीख असलेले, दवाखान्याची फाइल काखेत मारलेले, नांदेडला काम असलेले असे सगळे अंधारातच ठेसनाकडे चालू लागतात. या धांदलीनं मला जाग येते. गाडी मला पकडायची नसते. मी मिरचीच्या अडतीवर दिवाणजी आहे आणि दुकान दहाला उघडतं. पहाटेपासून दहापर्यंतचा वेळ माझा, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतला थोडा, आणि संध्याकाळी काटा बंद झाल्यावर उरेल तेवढा. एवढ्यात जे दिसेल त्याचे फोटो काढायचे, हा माझा छंद. ताडोबाचा वाघ माझ्याकडे नाही. नदी, पाखरं, घरची माणसं आणि मिरची आहे.

सामान रात्रीच काढून ठेवलेलं असतं. दुसऱ्या हाताचा कॅमेरा, अडीचशे मिलिमीटरपर्यंत जाणारी साधी लेन्स, जादा बॅटरी, मऊ फडकं, रंगकामाचा एक ब्रश आणि जाड प्लास्टिकची पिशवी. पिशवीचं काम दुपारी पडतं, मिरचीच्या भुकटीपासून कॅमेरा वाचवायला. माय माझ्याआधी उठलेली असते. तिला माझं हे खूळ पटलेलं नाही, आणि तिनं ते कधी मोडायलाही सांगितलेलं नाही. "चहा घेऊन जा, पाखरं कुठं पळून जायलीत," म्हणते. पाखरं पळूनच जातात, पण चहा घेतो.

सकाळी सहा

मोटारसायकल काढून नदीकडे. रस्त्याच्या कडेला हरभरा निघालेल्या रानात ढेकळं उघडी पडली आहेत, ज्वारी काही ठिकाणी उभी, काही ठिकाणी कापून आडवी. बांधावरचे पळस पेटलेत. पळसावर सकाळी इतकी वर्दळ असते की एका झाडाखाली तासभर थांबलं तरी दिवसाचं काम होईल: साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, मध्येच एखादा बुलबुल, सगळे फुलातल्या रसासाठी भांडत असतात. पण पळसाचे फोटो सगळेच काढतात आणि सगळ्यांचे सारखेच येतात. केशरी फूल, मागे निळं आभाळ. मी गाडी थांबवत नाही. आज एक मार्च आहे, नदीवर वेळेत पोचायचं आहे.

ही तारीख बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते. गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघून नाशिक, पैठण, गंगाखेड, नांदेड करत आमच्या तालुक्यात येते आणि इथून तेलंगणात शिरते. शिरायच्या आधी तिच्यावर बाभळीचा बंधारा आहे. चौदा दरवाजे, साठा २.७४ टीएमसी. या पाण्यावरून दोन राज्यांत बरीच वर्षं भांडण चाललं, कारण खाली पोचमपाडचं धरण, म्हणजे श्रीरामसागर, याच पाण्यावर भरतं. सर्वोच्च न्यायालयानं २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. त्यानुसार १ जुलैला दरवाजे वर जातात आणि पावसाळाभर वरच राहतात. २९ ऑक्टोबरला खाली येतात, तेव्हा पाणी अडतं. आणि १ मार्चला साठ्यातलं ०.६ टीएमसी पाणी खाली तेलंगणाला सोडायचं. केंद्रीय जल आयोगाचे आणि दोन्ही राज्यांचे अधिकारी समोर उभे राहून हे काम करून घेतात. दिवाळी-दसरा पंचांगाप्रमाणे मागेपुढे सरकतात. आमच्या नदीच्या तारखा सरकत नाहीत.

फोटो काढणाऱ्याला याहून मोठी सोय कोणती! बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, बंधाऱ्यापासून चांगलं लांब, काठावर एक बाभूळ आहे. तिच्या खोडाला पाठ लावून उभं राहायचं, लेन्स सगळ्यात रुंद ठेवायची, पलीकडच्या काठावरचं लिंबाचं झाड चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात घ्यायचं आणि एक फोटो काढायचा. दरवाजे उचलायच्या आदल्या दिवशी, उचलल्यावर, दरवाजे पडायच्या आधी, पडल्यावर, आणि आजच्या दिवशी सकाळी व संध्याकाळी. एकेक फोटो सुटा पाहिला तर त्यात काहीच नाही. पाणी, काठ, लिंब. मांडीवर ओळीनं मांडले की नदी वर-खाली होताना दिसते.

सूर्य साधारण सहा अडतीसला वर येतो. पुढची पाऊण घटका सोन्याची, हे आता मोबाइलवर फोटो काढणाऱ्या पोरांनाही ठाऊक आहे, तेव्हा त्यावर बोलत बसत नाही. बाभळीखालचा फोटो मी सूर्य यायच्या आधीच, फिकट उजेडात उरकतो. त्यात रंगाची मजा नको असते. पाण्याची रेघ कुठल्या दगडाला टेकली ते दिसलं की झालं.

एकाच जागेवरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा टिपणं हे आळशी माणसाचं काम वाटतं. मी त्याला दादासाहेब फाळक्यांचा दाखला देतो. तेही गोदावरीकाठचेच, १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. चित्रपट काढायचा म्हणून लंडनहून कॅमेरा आणला, पण भांडवल कुणी देईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर ठाण मांडून ठेवला. दिवसामागून दिवस थोडी थोडी फिल्म उघडली. पडद्यावर बी फुगलं, मोड आला, वेल वर चढला. ही 'अंकुराची वाढ' पाहून सावकाराचा हात सैल झाला आणि १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ला पैसा उभा राहिला. पुढं घरचीच माणसं कामाला लागली. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला आणि ती धुवायला शिकल्या, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याचकडे. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, मुलगी मंदाकिनी 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण. देशातल्या सिनेमाची सुरुवात एका कुंडीतून आणि एका कुटुंबातून झाली, असं मी म्हटलं तर अभ्यासक रागावतील. पण वाटाणा होता आणि कुटुंबही होतं, हे त्यांना नाकारता येणार नाही.

सात ते साडेआठ

आता पाखरं. कवड्या खंड्या हा नवशिक्यावर दया करणारा पक्षी आहे. उडत्या पाखराचा फोटो काढणं अवघड, कारण ते थांबत नाही. हा मात्र पाण्यावर हवेत एका जागी पंख फडफडवत उभा राहतो, चोच खाली, नजर माशावर. त्या दोन-तीन क्षणांत कॅमेऱ्याला नेम धरता येतो. सेकंदाचा हजारावा भाग एवढा वेग ठेवला की पंखसुद्धा स्वच्छ येतात. तो सूर मारतो तेव्हा मात्र आपल्या फोटोत नुसते शिंतोडे असतात.

गायबगळ्यांची अडचण वेगळी. काळ्या गाळावर पांढरा बगळा. कॅमेरा चौकटीतला सगळा अंधार बघतो आणि उजेड वाढवून ठेवतो, की बगळ्याचं पीस न् पीस जळून कोरा कागद उरतो. उजेड हातानं उतरवावा लागतो. गाळ काळाकुट्ट झाला तरी चालेल, बगळ्याची पिसं राहिली पाहिजेत. काळ्या मातीच्या मुलखात पांढऱ्या धोतराचा माणूस उभा असला तरी हेच करावं लागतं. इकडच्या म्हाताऱ्यांच्या फोटोत चेहरा आणि धोतर दोन्ही नीट आलेले क्वचित दिसतात, ते यामुळेच.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला वाळूचे पट्टे आहेत. तिकडे मी या दिवसांत जात नाही. नदीसुरय याच सुमारास वाळूवर अंडी घालतो. घरटं म्हणजे वाळूत नुसता खळगा. माणूस जवळ गेला की आई उठते, आणि मार्चच्या उन्हात उघडी पडलेली अंडी शिजायला फार वेळ लागत नाही. कावळे तर टपलेलेच असतात. शिवाय आज पाणी सुटणार, सखल पट्ट्यांवर ते चढू शकतं. पाण्यावर माझा इलाज नाही, माझ्या पायांवर आहे. घरट्यातल्या पिलांचे, चोच उघडून बसलेले फोटो लोक कौतुकानं एकमेकांना दाखवतात. माझं स्पष्ट मत आहे: तो फोटो काढणाऱ्याला कोपऱ्यात घेऊन तू किती जवळ गेला होतास, हे विचारलं पाहिजे. हौशी माणसाची भूक मोठी असते आणि लेन्स आखूड. त्या दोन्हींची भरपाई पाखराकडून करून घ्यायची नसते.

आठ वाजता चक्रवाकांची एक जोडी लांब पाण्यावर दिसली. हिवाळ्याचे पाहुणे, आता परतीच्या तयारीत. अडीचशेच्या लेन्समध्ये ते दोन नारिंगी ठिपके आहेत. फोटो काढला. तारखेसाठी काढला.

साडेआठ ते दहा

घर. लेकीची शाळेची गडबड. ती बारा वर्षांची आहे आणि गेल्या वर्षापासून तिनं कायदा केला आहे: विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि वेणी घालताना तर विचारूही नये. आधी मला राग आला होता. तिच्या पाटीवरच्या पहिल्या अक्षराचा फोटो माझ्याकडे आहे, बासरला सरस्वतीसमोर काढलेला. इकडच्या घरांत मूल शाळेत घालण्याआधी रेल्वेत बसवून बासरला नेतात, तांदळात बोट धरून अक्षर गिरवून घेतात. तेलुगू असो की मराठी, पहिला गुरू तिथला. तेव्हा ती मांडीवर होती, विचारायचा प्रश्न नव्हता. आता आहे. पाखराला जो नियम लावतो तोच पोरीला लावायला मला उशीर का व्हावा?

आज तिनं परवानगी दिली. बूट घालताना. पायऱ्यांवर ऊन तिरपं येत होतं, तिनं वाकून नाडी बांधली आणि विचारलं, "पप्पा, आज पाणी सोडणारेत ना? संध्याकाळी मी येणार." वही तिच्याकडे असते म्हणून ती येते. बाभळीखालच्या फोटोची तारीख, वेळ, पाणी कुठल्या दगडाला, कोणती पाखरं, हे ती लिहिते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे आणि पाखरांची नावं ती माझ्यापेक्षा लवकर ओळखते.

दहा ते एक

मिरचीचा हंगाम भरात आहे. धर्माबादची ओळखच मिरची. इथल्या रानातली आणि तेलंगणातून येणारी, पोत्यांनी, ट्रकांनी. कोपऱ्याकोपऱ्यावर पूड करणाऱ्या गिरण्या. पाहुणा स्टेशनातून बाहेर पडला की आधी शिंकतो, मग पत्ता विचारतो. यार्डात माझं काम पट्ट्या लिहिण्याचं: कुणाची किती पोती, तोल किती, भाव काय, अडत, हमाली, तोलाई वजा जाता हातात किती. आवाज दोन भाषांत. हमाल तेलुगूत मोजतो, शेतकरी मराठीत हुज्जत घालतो, आणि भाव दोघांनाही एकदम कळतो.

इथे कॅमेरा पिशवीतून मधूनच बाहेर येतो. मिरचीची भुकटी लेन्सच्या कड्यांत बसली की कड कड वाजते, म्हणून पिशवीला भोक पाडून तेवढंच भिंग बाहेर काढायचं. काम झालं की ब्रशनं झटकायचं. फडक्यानं घासायचं नाही, ओरखडे पडतात. आणि कॅमेरा पुसलेला हात डोळ्याला लावायचा नाही, हे सांगायला नकोच.

मिरचीचा ढीग डोळ्याला जितका सुंदर दिसतो तितका फोटोत येत नाही. उन्हात काढलेला ढीग म्हणजे नुसता लाल पट्टा, एकही मिरची वेगळी दिसत नाही. कारण साधं आहे. कॅमेऱ्याच्या आतल्या चकतीवर उजेड टिपणारे ठिपके असतात. त्यांतले निम्मे हिरवा रंग घेतात, पाव लाल आणि पाव निळा. मिरचीवरून परतणारा जवळजवळ सगळा उजेड लाल, तो त्या पाव ठिपक्यांवर आदळतो आणि ते काठोकाठ भरून जातात. भरलेल्या भांड्यात पुढचं पाणी मोजता येत नाही. उपाय बगळ्याचाच: उजेड उतरवा. किंवा ढग येईपर्यंत पट्ट्या लिहा. मी पट्ट्या लिहितो.

मोबाइलची गोष्ट याच्या उलट. मोबाइलला लाल रंग आवडतो, तो आणखी लाल करून देतो. त्यामुळे फोनवर पाठवलेल्या फोटोत सगळीच मिरची पहिल्या नंबरची दिसते. मिरचीचा भाव रंगावर ठरतो. पांढरी पडलेली वेगळी, तिचा भाव वेगळा. म्हणून जुने व्यापारी फोटो बघतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "पोतं उघड." त्यांचं बरोबर आहे. मूठभर मिरची तळहातावर घेऊन, मोडून, वास घेऊन जे कळतं ते माझ्या कॅमेऱ्याच्या बापालाही कळणार नाही.

सावलीत बायका देठ खुडत बसलेल्या असतात, तोंडाला पदर बांधून. नुसते डोळे दिसतात, आणि डोळ्यांच्या फोटोत माणूस उतरतो असं सगळीकडे छापून येतं. मला तसं वाटत नाही. मला हातांचे फोटो आवडतात. एकीनं आज हाक मारली, "अण्णा, फोटो तीयंडी," आणि पदर सोडून नीट बसली. आता हा फोटो छापून आणून तिला द्यावा लागणार. आमच्या यार्डात तो अलिखित करार आहे. फोटो काढला की प्रत द्यायची. ज्याला प्रत देणं जमत नाही त्यानं माणसांचे फोटो काढू नयेत, झाडांचे काढावेत.

मालक मला कधी कधी चिडवतात, "दिवाणजी, पट्टी लिहायलाव का फोटू काढायलाव?" मी त्यांना लाला दीनदयाळांचं नाव सांगून ठेवलं आहे. १८४४ चा जन्म, रुरकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आणि इंदूरला बांधकाम खात्यात आरेखकाच्या नोकरीला लागले. १८७४ च्या सुमारास, नोकरी सांभाळूनच, कॅमेरा हातात घेतला. पुढे आमच्याच निजामाचे, मीर महबूब अली खानांचे, दरबारी छायाचित्रकार झाले आणि राजा दीनदयाळ मुसव्विर जंग म्हणून नाव झालं. १८९२ साली हैदराबादेत त्यांनी बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तिथं फोटो काढणारीही बाईच, एक इंग्रज. म्हणजे कारकुनीतून निघालेला माणूस कुठवर जातो! मालक म्हणतात, निजाम आता राहिला नाही, पट्टी लिहा.

दुपारी एक

घरी जेवण. ज्वारीची भाकरी, पिठलं, कारळाची चटणी. जेवल्यावर माय ढाळजेत येऊन बसते आणि तीळ निवडते. आमचं घर जुनं माळवदाचं, भिंती जाड, आत अंधार. दुपारच्या वेळी बाहेर ऊन भाजत असतं तेव्हा उंबऱ्याशी मात्र फार मऊ उजेड असतो. अंगणातून उसळून आलेला, कुठंही कडक सावली न पाडणारा. शहरातले स्टुडिओ पांढऱ्या छत्र्या लावून हाच उजेड तयार करतात. मराठवाड्यातल्या प्रत्येक जुन्या घरात तो फुकट आहे.

मायचे फोटो मी इथंच काढतो. नेहमी हीच जागा, हाच खांब. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, तीळ बघते. तिची अट एकच, डोईवर पदर हवा. फोटोत पदर नसला तर तिला तो उघडा-वाघडा वाटतो, मग कितीही चांगला असो.

मायचे असे रोजच्या कामातले फोटो काढण्यामागं एक गोष्ट आहे. माझ्या आजीचा, म्हणजे मायच्या सासूचा, आमच्या घरात एकच फोटो आहे आणि तो मतदार ओळखपत्रावरचा. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी १९९३ साली फोटोची ओळखपत्रं सुरू केली. त्यासाठी गावच्या शाळेत बाया-माणसांना ओळीनं बसवून फोटो काढले गेले. आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायका आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसल्या त्या तेव्हा. त्यांचा फोटो सरकारला हवा होता, घराला कधी लागला नव्हता. आजी गेल्यावर भिंतीवर लावायला म्हणून तो नखाएवढा फोटो स्टुडिओत मोठा करायला दिला. मोठा करता करता चेहरा ठिपक्यांचा झाला. स्टुडिओवाल्यानं मेहनत घेऊन कपाळावर ठसठशीत कुंकू काढलं आणि साडीला जरीचा काठ लावला. आजीनं जन्मात जर नेसली नव्हती. आज भिंतीवर जी बाई आहे तिला माय ओळखत नाही. "ह्या कोण पाटलीणबाई?" म्हणून हसते. पण हार त्याच फोटोला घालावा लागतो, दुसरा नाहीच.

तेव्हापासून मायचे फोटो काढताना मी सणावाराची वाट बघत नाही. लग्नातले, नव्या लुगड्यातले फोटो सगळ्यांकडे असतात. तीळ निवडताना तिची करंगळी जरा वर असते. ती कुणी सांगितल्यानं वर जात नाही.

तीन वाजता

या वेळेला कॅमेरा बंद. डोक्यावरचं ऊन, डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या, मिरचीही थकलेली. यार्डात बातमी आली की दरवाजे उघडले. कुणाच्या तरी फोनवर फोटो फिरत आहेत: दरवाजे, पाण्याचा फेसाळ लोट, रांगेत उभे अधिकारी. थोडी चर्चा झाली. एकजण म्हणाला, आपलं पाणी चाललं. निजामाबादकडचा मिरचीवाला म्हणाला, आमचं यायलंय. दोघांनी एकाच थर्मासातला चहा घेतला आणि भावावर आले.

संध्याकाळी साडेपाच

काटा आज लवकर बंद झाला. लेकीला मागं बसवून बाभळीखाली. सूर्य मावळायला अजून पाऊण तासाच्या वर आहे. पाठ खोडाला, लिंब उजव्या कोपऱ्यात, आणि सकाळचाच फोटो पुन्हा.

पाणी उतरलेलं दिसतं. जिथं सकाळी पाण्याची कड होती तिथून आत ओल्या गाळाची पट्टी उघडी पडली आहे, अजून चकाकणारी, तिच्यावर एकही पाऊल नव्हतं ते आता उमटू लागलंय. आधी टिटव्या आल्या, ओरडत. मग शेकाटे, लाल काटक्यांच्या पायांवर जपून चालत. तुतवार शेपटी हलवत कडेकडेनं. गाळात अडकलेले किडे, शंख, बारीक मासे यांची ही पंगत, आणि पाखरांना तिचं आमंत्रण कुणी देत नाही. दोन राज्यांच्या तंट्याचा निकाल दिल्लीत लागला, त्याचं जेवण इथं शेकाट्याला मिळालं. दरवाज्यांचे फोटो उद्याच्या पेपरात येतील आणि यायलाच हवेत. बातमी तिथं आहे. गाळाचा फोटो छापून यायचं कारण नाही.

लेक वहीत लिहीत होती. मध्येच तिनं विचारलं, "पाणी किती उतरलं ते कसं लिहू?" आम्ही मग दगड मोजले. सकाळच्या फोटोत जो चपटा दगड अर्धा बुडालेला आहे तो आता पूर्ण बाहेर आहे, त्याच्या खालचे दोनही उघडे. 'चपटा पूर्ण, खालचे दोन उघडे,' असं तिनं लिहिलं. टीएमसीपेक्षा मला ते बरं वाटलं. टीएमसी डोळ्याला दिसत नाही.

सहा चोवीसच्या सुमारास सूर्य गेला. मावळतीचा फोटो काढला नाही. तो जगात पुरेसा आहे.

रात्री नऊ

जेवणं उरकल्यावर दिवसाचे फोटो संगणकावर उतरवतो. काढण्यापेक्षा टाकण्याचं काम मोठं. फिल्मच्या रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे आणि प्रत्येकाला पैसे पडायचे, म्हणून माणूस विचार करून बटण दाबायचा. आता विचार रात्री करावा लागतो. बायको शेजारी भाजी निवडत बसते आणि न्यायाधीशाचं काम करते. तिला फोटोग्राफीतलं काही कळत नाही असं ती स्वतःच म्हणते, आणि तिचे निकाल सहसा बदलावे लागत नाहीत. "हा बगळा कालचाच आहे ना?" "अहो, ह्यात मामी कुठल्या, नुसता खांब आलाय." 'मामी' म्हणजे माझी माय, आमच्यात सासूला मामी म्हणतात. आज लेकीचा बूट घालतानाचा ठेवला, कवड्या खंड्याचा एक, देठ खुडणाऱ्या बाईचा एक, मायच्या हातांचा एक, आणि नदीचे दोन्ही. चक्रवाकांचे दोन ठिपके बायकोनं टाकायला सांगितले. ते मी ठेवले. कोणत्या तारखेपर्यंत ते इथं होते, हे पुढं कधीतरी कुणाला तरी हवं असेल.

फाइलच्या नावात तारीख, जागा आणि माणूस घालतो. दोन वेगळ्या डिस्कवर उतरवतो, एक घरी, एक भावाकडे. महिन्यातून एकदा नांदेडला गेलं की निवडक फोटो छापून आणतो, कारण मोबाइल बदलला, हरवला, पाण्यात पडला की त्यातलं सगळं जातं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो तर पाठवतानाच बारीक होतो. तो पुढं मोठा करायला गेलं की आमच्या आजीसारखे ठिपके उरतात.

तुमच्याही मोबाइलमध्ये हजारो फोटो असतील. त्यांतले घरच्या माणसांचे, रोजच्या कामातले, दहा निवडा आणि या महिन्यात छापून घ्या. मागच्या बाजूला नाव, गाव आणि तारीख लिहा. बॉलपेननं दाबून लिहू नका, पुढं उमटतं; न पसरणाऱ्या शाईच्या बारीक पेननं हलक्या हातानं लिहा आणि शाई वाळल्यावरच एकावर एक ठेवा. नाव लिहिताना 'आई' एवढंच लिहून थांबू नका, पूर्ण नाव लिहा. तुमच्या नातवाला ती कुणाची आई, हे कळायला हवं.